गावच्या घरात लाईट, पाणी, संडास : काय कुठून न्यावे आणि हात कुठे पोहोचावा?

मागीलदार

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचे काम यंदा पाऊस गेला की काढायचे आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. विहीर घराच्या वरच्या अंगाला. आई-बाबा आता कायमचे तिकडे राहायला जाणार आहेत. बाबांना रात्री उठावे लागते आणि संडास आहे गोठ्याच्या पलीकडे, म्हणून संडास-न्हाणी मागच्या पडवीला जोडून घ्यायचे ठरले आहे.

सध्या ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने ठोकलेले आहे. मीटर ओटीवर, मेन स्विच माळ्याच्या जिन्याखाली, पंपाचा स्टार्टर गोठ्यात, आणि टाकीचा वॉल न्हाणीच्या कौलांवर. पाणी बंद करायचे तर आधी शिडी शोधायची आणि मग शिडी धरायला माणूस शोधायचा.

माझे मत असे की पाइप-वायरी भिंतीत गाडायची पद्धत शहरातल्या फ्लॅटला ठीक आहे. तिकडे बिघडले तर फोन केला की तासाभरात कुणीतरी येतो. आमच्याकडे चार वाड्यांत मिळून एक प्लंबर, आणि तो लग्नसराईत मंडपाच्या कामाला जातो. म्हणून सगळे भिंतीवरून उघडे न्यायचे, आणि पाणी, लाईट, गॅस बंद करायच्या जागा मागच्या पडवीच्या एकाच भिंतीवर, आईचा हात स्टूल न घेता पोहोचेल अशा उंचीवर.

गवंडी हसतो. म्हणतो, “असे उघडे पाइप ठेवलेत तर लोक म्हणतील मुंबईकरांचे पैसे संपले.” तुम्ही काय केलेत?

अळूचं_फदफदं

लोक तसेही म्हणतातच. पाइप उघडे ठेवा.

माजी_तारतंत्री

आयुष्यभर खांबावर चढण्याची नोकरी केली, त्यामुळे लाईटपुरते बोलतो. पाण्याचे जाणकार बोलतील.

पहिली गोष्ट अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकात काहीच जोडलेले नसते. जांभ्यात अर्थिंग चांगले लागत नाही, कारण एप्रिल-मेमध्ये तो दगड ठणठणीत कोरडा होतो. मीठ-कोळशाचा खड्डा केळीच्या आळ्याशेजारी घ्या, जिथे न्हाणीचे पाणी मुरते. ओल बारमाही राहते. खड्ड्यावर झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओता.

दुसरी गोष्ट आर.सी.सी.बी., म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारी कळ, ३० मिलिअँपिअरची. एम.सी.बी. (भार वाढला की पडणारी कळ) वायर जळण्यापासून वाचवते, शॉक लागलेल्या माणसाला वाचवत नाही. गावात होते काय, की पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की ही आर.सी.सी.बी. सारखी पडते. मग कुणीतरी येऊन ती बायपास करून जातो आणि घरातले त्याला चहा पाजतात. त्यापेक्षा दोन बसवा. पंप, न्हाणी आणि अंगणातले दिवे एकीवर, घर दुसरीवर. पंपात पाणी गेले म्हणून रात्री अख्खे घर अंधारात जायला नको.

तिसरे, न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल तुटला तर तुमच्या घरात २३०च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. फ्रिज, टीव्ही, पंखे सगळे एका झटक्यात जातात. जास्त व्होल्टेजला आपोआप तुटणारे उपकरण मेनजवळ बसवून घ्या, फार महाग नाही. आणि न्यूट्रल गेला म्हणून कुणी अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडून “तात्पुरता” दिवा लावून देत असेल तर त्याला हात जोडून घरी पाठवा. तसे केले की फ्रिजच्या दारातही करंट येऊ शकतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर : मीटर ओटीवरच राहू द्या, रीडिंग घेणाऱ्याला बरे. मेन आणि एम.सी.बी.ची पेटी मात्र पडवीत आणा. पेटीचे दार घट्ट बसणारे हवे आणि वायर आत येते ते भोक पुट्टीने बुजवलेले हवे. पाली, मुंग्या, एकदा तर नानेटीही आतून निघालेली पाहिली आहे.

गुहागरी_चष्मा

उघड्या पाइपला माझा विरोध. मागीलदार, तुमच्याकडे माकडे नाहीत का? आमच्याकडे लाल तोंडाची टोळी येते आणि उघड्या पाइपवर लोंबकळते. एल्बो तुटतो, टाकी रिकामी, आणि ते आपल्याला कळते संध्याकाळी नळ सोडल्यावर. शिवाय पी.व्ही.सी. उन्हात दोन-चार वर्षांत कडक होतो आणि टिचकीने तडकतो.

भिंतीत गाडू नका हे मान्य, पण मधला मार्ग आहे. जोत्याच्या वर भिंतीलगत वीतभर रुंदीचा पाट बांधून घ्या, त्यात पाइप टाका आणि वर सुट्या फरश्या ठेवा. सिमेंट लावायचे नाही. फरशी उचलली की पाइप समोर.

मागीलदार

@गुहागरी_चष्मा, माकडे आहेत हो, तीही मुंबईकरांवर खास डोळा ठेवून. पाटाची कल्पना आवडली. पण त्यात उंदीर-घुशी घर नाही का करणार?

गुहागरी_चष्मा

करतील, म्हणून तर फरश्या सुट्या. वायरी मात्र पाटात अजिबात नको. पाणी खालून, लाईट वरून.

मालवणी_खाजा

अरे बाबांनू, आधी सांडपाणी खंय जातला तां बघा, मगे नळ खंय बसवचो तां ठरवा. हंयसर सगळे उलट्या करतत. नळ बसतत झक्कास, आणि पाणी जाता शेजाऱ्याच्या परड्यात. मगे ग्रामपंचायतीत तक्रार.

कोरडवाहू

तुमची कोकणातली चर्चा वाचून हेवा वाटतो. आमच्याकडे (लातूरच्या बाजूला) प्रश्न पाणी कुठून न्यायचा नसतो, आलेले पाणी कुठे साठवायचे हा असतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले होते ते आठवत असेल. त्यानंतर आमच्या भागात ज्याने ज्याने घर बांधले त्याने आधी जमिनीत हौद बांधला, मग घर.

हौद करणार असाल तर एकच सांगतो. तोंड एवढे ठेवा की माणूस आत उतरून घासून बाहेर येईल, आणि ते तोंड घराच्या आत घेऊ नका. टँकरवाल्याचा पाइप माजघरातून नेणारी घरे आहेत आमच्या गावात.

दुसरे, बोअर असेल तर वरचे आकाश मोकळे ठेवा. आमच्या शेजाऱ्यांनी बोअरवर छान पोर्च घातला, स्लॅबचा. पुढे मोटर जळाली. लोखंडी पाइप वीस-वीस फुटांचे, वर स्लॅब दहा फुटांवर. चेनपुली उभी राहीना, पाइप बाहेर येईना. शेवटी बोअरच्या बरोब्बर वर स्लॅबला भोक पाडले. आता तिथे पावसाळ्यात धार लागते आणि खाली ते बादली ठेवतात.

अळूचं_फदफदं

म्हणजे शेवटी पाणी मिळालं की त्यांना! :)

चुलीपाशी

सगळे प्रतिसाद वाचले. पंप, वॉल, पेट्या. ठीक. त्या घरात दिवसभर पाणी वापरते कोण, याचा विचार कुणी मांडला का?

आमच्या सासरच्या घरात (चिपळूणजवळ) दुरुस्ती झाली तेव्हा सासरे, दीर आणि गवंडी या तिघांनी बसून सगळे ठरवले. पंपाची खोली स्वतंत्र, तिला दार, आत ट्यूबलाईट. आणि भांडी घासायची मोरी पडवीच्या बाहेर उघड्यावर, नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर. पावसात डोक्यावर इरलं घेऊन भांडी घासायची. सासूबाईंनी ते वर्षानुवर्षे केले, कारण “पहिल्यापासून तिथेच आहे.”

म्हणून मागीलदार, नकाशा आईसमोर ठेवा आणि तिला नुसते “चालेल ना?” असे विचारू नका. सकाळी उठल्यापासून ती पाण्याला किती ठिकाणी जाते ते तिच्यामागे फिरून बघा. हंडा कुठे भरते, तांदूळ कुठे धुते, ते पाणी कुठे ओतते, धुण्याचा दगड कुठे. पडवीतली मोरी उभ्याने वापरायच्या उंचीची करा, पण खाली बसून मोठी पातेली घासायला जमिनीलगत एक नळ आणि उतार हवाच. कढया, गणपतीतली मोठी भांडी सिंकमध्ये मावत नाहीत.

आणि दिव्याची बटणे. संडासाच्या वाटेवरचा दिवा बाबांच्या पलंगापाशी आणि संडासाच्या दाराशी असा दोन्हीकडून लागला-विझला पाहिजे. याला टू-वे म्हणतात, वायरमनला माहीत असते, फक्त सांगावे लागते.

माजी_तारतंत्री

@चुलीपाशी, टू-वेबद्दल शंभर टक्के सहमत. त्याच दिव्याला छोट्या इन्व्हर्टरचा पॉइंट द्या. रात्री उठायची आणि लाईट जायची वेळ एकच असते.

सोनखत

संडासावर कुणीच लिहिले नाही, म्हणजे तो माझ्यासाठी ठेवला आहे असे समजतो.

विहीर वरच्या अंगाला आहे, हे उत्तम. शोषखड्डा किंवा टाकी घराच्या खालच्या अंगालाच घ्या, विहिरीपासून ५० फूट तरी दूर. कोकणात मी याहूनही जास्त सांगेन. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यातून घाण न गाळता लांब जाते. काळ्या मातीत उलट त्रास, पाणी मुरतच नाही. शेजाऱ्याची विहीर तुमच्या खड्ड्याच्या खाली येत नाही ना, तेही बघा. ती विहीर नकाशात नसते.

माझी शिफारस दोन खड्ड्यांच्या संडासाची. मध्ये छोटे चेंबर, त्यातून वाय आकारात दोन फाटे. एक फाटा बुजवायचा, एक चालू. पहिला खड्डा भरला की फाटा बदलायचा आणि भरलेला दोन वर्षे झाकून ठेवायचा. मग आत वास नसलेले, भुसभुशीत खत निघते. कुणाला पैसे देऊन मैला उपसावा लागत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा. आपल्याकडे यावर काम करणारी माणसे होऊन गेली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखताचे (मैल्यापासून केलेल्या खताचे) प्रयोग केले, तेही लोक नाक मुरडत होते त्या काळात. देहूला डॉ. मापुसकरांनी गावोगाव संडास आणि त्याला जोडलेले बायोगॅस उभे केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता मुद्दा हात पोहोचण्याचा. लोक मधल्या चेंबरवर फरशी बसवून टाकतात, वर तुळस ठेवतात. पाच वर्षांनी फाटा बदलायची वेळ आली की चेंबर कुठे आहे हेच आठवत नाही. मग दोन्ही खड्डे एकदम चालू राहतात, किंवा चालू खड्डाच उघडला जातो. चेंबर उघडे दिसेल असेच ठेवा.

सेप्टिक टाकीच करणार असाल तर हवेच्या पाइपला वर जाळी लावा. डास तर असतातच, पण कुंभारमाशी मातीने तोंड लिंपून टाकते आणि मग घरात वास का येतो म्हणून सगळे बुचकळ्यात. आणि न्हाणी-मोरीचे पाणी त्या टाकीत सोडू नका. साबणाचे पाणी केळी-अळवाला, संडासाचे टाकीला.

देवरुखी

@सोनखत, सगळे मान्य. पण देवघराच्या भिंतीला लागून संडास आला तर आमची आजी अन्नपाणी सोडेल.

सोनखत

मधे चार फुटांची बोळकांडी सोडा. देवाला अंतर मिळते आणि पाइप न्यायला जागा. आजी आणि प्लंबर दोघेही खूश.

विस्कॉन्सिनवासी

गावाकडचे घर म्हटले की इथली, अमेरिकेतलीही स्थिती तीच, फक्त थंडी जास्त. आम्ही शहराबाहेर राहतो. नगरपालिकेचे पाणी नाही, गटार नाही. स्वतःची बोअर, स्वतःची सेप्टिक टाकी, अंगणात प्रोपेनची टाकी.

पाण्याची टाकी उंचावर नसते. तळघरात दाबाची टाकी असते. दाब ४० पीएसआयला (पौंड दर चौरस इंच) उतरला की पंप सुरू, ६०ला बंद. त्यामुळे लाईट गेली की थोड्याच वेळात नळही गेला. पाइप चार-पाच फूट खोल, कारण वरची जमीन गोठते. सेप्टिक टाकी इथे दर ३ वर्षांनी तपासून घ्यावी लागते, तसा नियमच आहे, आणि टाकीचे झाकण जमिनीवर दिसते. नाहीतर बर्फात शोधणार कुठे.

एक पद्धत मात्र उचलण्यासारखी. खणायच्या आधी ८११ या नंबरला फोन करायचा. फुकट. ते येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचे पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी फोन-इंटरनेट. अर्थात मीटरच्या अलीकडे तुम्ही स्वतः पुरलेले काही असेल तर त्याची खूण ते करत नाहीत.

गुहागरी_चष्मा

आमच्याकडेही फोन करतात. जेसीबीवाला करतो. पाइप फुटल्यावर.

कोरडवाहू

आणि म्हणतो, “तुमचाच होता का हो?”

माजी_तारतंत्री

हसण्यावारी नेऊ नका, यावर घरगुती उपाय आहे. विहिरीच्या पंपाची केबल आर्मर्ड (आत लोखंडी कवच असलेली) घ्या, दोन-अडीच फूट खोल चर मारा, केबलवर वाळू आणि त्यावर उतरवलेली जुनी कौले पालथी घालत जा. पुढे कुणी कुदळ मारली तर आधी कौल फुटते. तुमची छपराची जुनी कौले तशीही निघणारच आहेत.

शिवाय गिलावा करायच्या आधी आणि चर बुजवायच्या आधी मोबाइलने फोटो काढा, फोटोत मोजपट्टी धरा, आणि ते फोटो छापून पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोबाइल दोन वर्षांत बदलतो.

पाऊसपाणी

टाकीबद्दल. हजार लिटरची टाकी भरली म्हणजे एक टन वजन. ते जुन्या जांभ्याच्या भिंतीवर किंवा वाशांवर ठेवू नका, कुणी कितीही छातीठोक सांगितले तरी. तुमची विहीर वर आहे म्हणजे वरच्या अंगाची जमीनही उंच असणार. तिथेच दगडी कट्टा बांधून टाकी ठेवा. टॉवर नको, शिडी नको, चालत जाऊन साफ करता येते.

नळापेक्षा पाणी १० मीटर उंच असेल तर साधारण १ किलोचा दाब मिळतो. न्हाणीच्या कौलांवर टाकी ठेवून मिळतो त्याच्या पाव, म्हणून तर शॉवर ठिबकतो. टाकीपासून घरापर्यंतचा पाइप सव्वा इंची घ्या, घरात आल्यावर बारीक करा. लोक नेमके उलटे करतात, लांबचा पाइप महाग पडतो म्हणून.

वॉल तीन तरी हवेत. टाकीपाशी एक, पडवीत मुख्य एक, आणि संडास-न्हाणीचा वेगळा. वॉल महिन्यातून एकदा फिरवा. वर्षभर न फिरवलेला वॉल गरजेच्या दिवशी फिरत नाही, तुटतो.

सरकारच्या जलजीवन योजनेचे नळाचे पाणी येत असेल तर त्याची लाइन विहिरीच्या लाइनला थेट जोडू नका. टाकीत वरून पडू द्या. नाहीतर तुमच्या पंपाचे पाणी गावाच्या लाइनमध्ये ढकलले जाते.

चुलीपाशी

पाणी तपासायचेही लिहा कुणीतरी. ग्रामपंचायतीकडे कुपी मिळते. पाणी भरून ठेवायचे, जंतू असले तर काळे पडते. आमच्या वाडीत दोन विहिरींचे पाणी काळे निघाले, तेव्हा कुठे लोक खड्ड्यांच्या जागांबद्दल बोलायला लागले. तोपर्यंत “आमचे पाणी अमृत.”

सूर्यमुखी_८२

एवढे करताय तर सोलर बसवा की. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. लाईट गेली तरी चिंता नाही.

माजी_तारतंत्री

थांबा. शेवटचे वाक्य चुकीचे आहे आणि ते ऐकून बरेच लोक फसतात. अनुदानातले बहुतेक संच ऑन-ग्रिड असतात. लाईट गेली की ते स्वतःहून बंद पडतात, भर दुपारी ऊन असले तरी. खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छपरावरून उलटा करंट जाऊ नये म्हणून तशी रचना आहे, आणि मी त्या खांबावर असायचो, त्यामुळे ती मला प्रिय आहे. लाईट गेल्यावरही चालायला हवे तर बॅटरीसकट हायब्रीड लागतो.

मंडणगडकर

निसर्ग वादळानंतर (जून २०२०) आमच्याकडे कित्येक आठवडे लाईट नव्हती. ज्यांनी विहिरीवरचा रहाट काढून तिथे लोखंडी जाळी वेल्ड करून टाकली होती, त्यांना जाळी कापावी लागली. ज्यांनी रहाट ठेवला होता त्यांच्याकडे अख्खी वाडी पाण्याला. जाळी जरूर बसवा, पण एक झाकण उघडणारे ठेवा आणि रहाट असू द्या.

अळूचं_फदफदं

गॅसचे राहिले. सिलिंडर पडवीत बाहेर ठेवून तांब्याच्या पाइपने आत घेतला तर चालेल का?

पाऊसपाणी

चालतो, पण काम एजन्सीच्या माणसाकडून. सिलिंडर खड्ड्यात किंवा जमिनीखालच्या कोनाड्यात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, सखल जागी साचून राहतो. आणि गॅस गीझर बंद न्हाणीत कधीच नको. बाहेर पडवीत लावा, गरम पाणी पाइपने आत घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खरे तर त्या घरात बंब किंवा पाणचूल असेल तर मोडू नका. लाकूडफाटा आवारातलाच. व्होल्टेज १७०वर आले की विजेचा गीझर निम्म्याहून थोडेच जास्त तापवतो.

देवरुखी

गोबरगॅस कुणी ठेवलाय का अजून? आमचा बंद पडला.

सोनखत

२ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे. गावात गोठे उरलेत, गुरे नाहीत. आमच्या गोठ्यात आता गाडी लावतात. ती शेण देत नाही.

सातबारा

तांत्रिक चर्चा झकास. आता कटू प्रश्न. मागीलदार, मीटर कुणाच्या नावावर आहे? विहीर कुणाची?

मागीलदार

मीटर आजोबांच्या. विहीर सामायिक, चुलत्यांची आणि आमची. घराचा उतारा... मोठा आहे.

सातबारा

वाटलेच. मग हे काम गवंड्याला बोलवायच्या आधी करा. मीटर हलवायचे किंवा भार वाढवायचा तर अर्ज मृत माणसाच्या नावाने करता येत नाही. आधी नाव बदला. वारसांची संमती मागतात, आणि वारस ठाण्यापासून बडोद्यापर्यंत पसरलेले असतात. गणपतीत सगळे येतात तेव्हाच सह्या घ्या, आरतीनंतर आणि जेवणाआधी.

विहिरीत तुमचा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात लिहिलेला आहे का ते बघा. हिस्सा असला तरी पाइप आणि केबल चुलत्यांच्या जमिनीतून जात असेल तर साध्या कागदावर का होईना, कुठून किती फूट जाते ते नकाशासकट लिहून दोघांच्या सह्या ठेवा. आज काका “अरे ने रे, आपलंच आहे” म्हणतात ते खरेच असते. पुढच्या पिढीत काकांच्या मुलाला तिथे कुंपण घालायचे असते. पाइप पुरलेला असतो, शब्द हवेत गेलेला असतो.

मालवणी_खाजा

ह्यां एकदम बरोबर. आमच्याकडे पाइप एकाचो, जमीन दुसऱ्याची, आणि वॉल तिसऱ्याच्या पोफळीखाली. पाणी सोडूचा तर तिघांचा जमाक व्हया.

नेटकरी

इंटरनेटचा पाइप आत्ताच टाकून ठेवा. रिकामा, आत नायलॉनची दोरी ओढून ठेवलेला, खांबापासून माळ्यापर्यंत. आई-बाबांशी व्हिडिओ कॉल करायचा असेल तर लागेलच. लाईटच्या पाइपमधून केबल नेऊ देऊ नका. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की काय काय उपटून ठेवायचे ते बाबांना दाखवून ठेवा. ती सगळी सॉकेटे कमरेच्या उंचीवर हवीत, पलंगामागे नकोत.

मागीलदार

सर्वांचे आभार. सुट्टीत घरी जाऊन आलो, नकाशा पुन्हा काढला.

टाकी विहिरीजवळच्या उंचवट्यावर, दगडी कट्ट्यावर. तिथून घरापर्यंत पाइप पुरलेला, वर कौले. घराला लागल्यावर उत्तरेच्या भिंतीने सुट्या फरश्यांच्या पाटातून. वायरी वाशांच्या खालून पट्टीत, कौलांपासून हातभर दूर. पडवीच्या भिंतीवर पेटी, पंपाचा स्टार्टर आणि त्यापासून चांगले सात-आठ फूट लांब पाण्याचे दोन वॉल. माझी “सगळे एकाच ठिकाणी” ही कल्पना इथे थोडी मोडली, कारण वॉल गळला तर पेटीवर पाणी उडायला नको असे तारतंत्रींनी व्यनित (खासगी निरोपात) बजावले. भिंत एकच आहे, टोके दोन.

संडास देवघरापासून बोळकांडी सोडून, दोन खड्ड्यांचा, खालच्या अंगाला. मधले चेंबर दिसेल असे.

आईमागे फिरलो. ती पाण्याला जिथे जिथे जाते त्यातल्या निम्म्या जागा माझ्या नकाशात नव्हत्या. गुरांची दोण अजून भरते, गुरे नसताना, पाखरांसाठी. तिथे एक नळ वाढवला. मोरी उभ्याची आणि बसायची, दोन्ही.

गवंड्याचा आग्रह एकाच गोष्टीला आहे, की ओटीवरची वायर तरी भिंतीत घेऊ. तेवढी घेऊ दिली. पुढची बाजू त्याची, मागची आमची.

चुलीपाशी

दोणीला नळ! आईंना नमस्कार सांगा.

सातबारा

सह्या झाल्या का?

मागीलदार

बडोदा बाकी आहे.

देवरुखी

एक शंका. चेंबरचे झाकण कशाचे करावे? आमच्याकडे जांभ्याची लादी आहे, उचलायला दोन माणसे लागतात आणि गावात एका वेळी दोन माणसे मिळत नाहीत.

सोनखत

सिमेंटचे, दोन तुकड्यांत, प्रत्येकाला कडी ओतून घ्या. एकट्याने उचलते. कडी लोखंडाची गंजून तुटते, म्हणून ती स्टेनलेस स्टीलच्या सळीची वाकवून घ्या.

गुहागरी_चष्मा

पितळेची बसवू नका. आमच्या वाडीत एकाने बसवली, भंगारवाला झाकणासकट घेऊन गेला.